दसऱ्याची बोहनी

१८ सप्टेंबर २०२२, रविवार

खांदा पुन्हा धरला. चादर पिळताना हात वर जाईना, तशीच ओली बादलीत सोडली. हे म्हणाले, "आता वॉशिंग मशीन घेच." तीन वर्षं झाली, हेच ऐकतेय. चादर मात्र एकदाही पिळून दिली नाही!

संध्याकाळी रोह्याच्या बाजारात जगनकडे गेले. जगन माझा विद्यार्थी, पेणच्या रस्त्यावरच्या कासू गावचा. नववीत गणितात जेमतेम पास व्हायचा, पण शाळेचा बंद पडलेला लाउडस्पीकर त्यानेच चालू केला होता. आता त्याचं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान आहे. आमचे पंखे, मिक्सर, टीव्ही, फ्रिज — सगळं त्याच्याकडचं. आज त्याने पाऊण तास खर्ची घातला. दोन मशीनची दारं उघडून दाखवली, मला ड्रममध्ये हात घालून बघायला लावलं. शेवटी म्हणाला, "हेच घ्या, बाई. कापडं फाटत नाय, आवाज नाय. पण आता नको, पितृपक्ष चाललाय. दसऱ्याला न्या. बोहनी तुमचीच."

दुकान उघडलं त्या दसऱ्याला मी सहज पहिली गेले होते, एक इस्त्री घेतली होती. त्या दिवशी म्हणे संध्याकाळपर्यंत निम्मं दुकान रिकामं झालं. तेव्हापासून बाईंच्या हाताला गुण आहे! बारा वर्षं झाली, दसऱ्याचं पहिलं बिल माझ्या नावाचं. काही नको असलं तरी एक बल्ब घेऊन येते. माझ्याआधी तो कुणालाच काही विकत नाही. वर्गात अंधश्रद्धेवर तास घेणारी मी दसऱ्याला सकाळी नऊच्या ठोक्याला तिथे हजर. आवडतं मला ते. इथे खोटं कशाला लिहू.

२० सप्टेंबर, मंगळवार

जगन घरी येऊन मोरी मोजून गेला. नळ वर होता, भिंत फोडून तो खाली घेतला, सिमेंट लावलं. दोन तास गुडघ्यांवर बसला होता. पैसे घेईना. "मशीनबरोबर बघू की, बाई."

२२ सप्टेंबर, गुरुवार

स्टाफरूममध्ये दुसरा विषय नाही. उद्यापासून मोबाइलवर सेल! कुणी टीव्ही बघतंय, कुणी फोन. मीही सहज बघितलं. सहज कसलं — रविवारी जगनच्या दुकानात मशीनवरचा मॉडेल नंबर कागदावर उतरवून घेतला होता, तो पर्समधून काढून एकेक अक्षर टाइप केलं. तो बिचारा तेव्हा शेजारच्या गिऱ्हाइकाला कौतुकाने सांगत होता, "आमच्या बाई लय बारकाईनं बघतात."

तेच मशीन. सव्वाचार हजारांनी कमी.

पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली उभं राहून मुलांना काय सांगितलं होतं मी? गावातला पैसा गावात राहू द्या. टाळ्या पडल्या होत्या.

२३ सप्टेंबर, शुक्रवार

घेतलं. ऑफ तासाला, प्रयोगशाळेत बसून. पडद्यावर येत होतं "फक्त तीन शिल्लक", आणि खाली घड्याळ उलटं पळत होतं. मुलांना परीक्षेत सांगते, घड्याळ बघून घाबरू नका. मी मात्र घाईघाईत पैसे भरून टाकले!

पत्ता पेणचा दिला, वृंदाच्या घरचा. इथे वरसेत दारात गाडी आली तर सगळ्या सोसायटीला दिसणार, आणि इथली बातमी बाजारात पोचायला चहा उकळण्याइतकाही वेळ लागत नाही. वृंदाला फोन केला. धाकटी असून मोठ्या बहिणीसारखी बोलते. "ताई, पितृपक्षात खरेदी?" मी म्हटलं, नुसती ऑर्डर दिलीय, वस्तू घरात येईल तेव्हा खरेदी. "बरं. मग पत्ता माझा कशाला?" म्हटलं, तुझ्याकडे दिवसभर कुणीतरी असतं. ती हूं म्हणाली. तिला कळलं. लहानपणापासून माझं खोटं तिलाच कळतं.

२५ सप्टेंबर, रविवार

खोकं पेणला पोचलं, आणि नेमकं सर्वपित्रीला! वृंदाने उंबऱ्याच्या आत घेऊ दिलं नाही. शेजारच्या गणपतीच्या कारखान्यात ठेवलंय. उद्या घटस्थापना, उद्याच घेऊन जा म्हणाली. शाळेत रजा टाकली. कारण — घरगुती.

२६ सप्टेंबर, सोमवार

आजचं लिहावं की नाही कळत नाही.

त्या कारखान्यातला रघू टेंपोवाला. उभी हयात मूर्ती पोचवण्यात गेली. त्याने मशीन त्याच्या सवयीने बांधलं. खाली पेंढा, चारी बाजूंनी दोर, वरून लाल कापड. मी म्हटलं, अहो, साधं प्लास्टिक टाका. "नाय बाई, धूळ जाते. ह्योच कपडा बरा." मी पुढे त्याच्याशेजारी बसले. मला वाटलं, झाकलेलं आहे ते उत्तमच.

गडबला तो चहाला थांबला. टपरीशी एक म्हातारी भाजीची पाटी घेऊन उभी होती. टेंपोकडे बघितलं, पाटी खाली ठेवली, चपला काढल्या, दोन्ही हात जोडले. मग मला विचारलं, "कुठची देवी गो, माय?"

मी काय बोलणार. रोह्याची, म्हटलं.

तिने पाटीतली झेंडूची दोन फुलं लाल कापडावर ठेवली. पुन्हा हात जोडले. मागे उभे असलेले दोघे मोटारसायकलवालेही पाया पडले. रघू चहाचा पेला हातात धरून माझ्याकडे बघत होता. खाली उतरून "आजी, हे कपडे धुवायचं मशीन आहे" एवढं सांगायला काय लागतं? चार शब्द. पण मग पुढे कुणी विचारलं असतं, कुणाचं? कुठून घेतलं? आणि जगनच्या कासूची चार माणसं त्या टपरीवर असणारच. म्हणून गप्प बसले. कासूच्या फाट्यावर तर पदर डोक्यावरून घेतला. छप्पन वर्षांची बाई!

मुद्दाम अंधार पडल्यावर घरी आले. फुलं तुळशीत ठेवली. मशीन आतल्या खोलीत, वर पलंगपोस.

२७ सप्टेंबर, मंगळवार

कंपनीचा फोन, मशीन जोडायला माणूस कधी पाठवू? दसरा होऊन जाऊ दे म्हटलं. मोरीत मशीन दिसलं आणि जगन आला तर? आतल्या खोलीत कोण बघतंय. तोपर्यंत कपडे हातानेच.

५ ऑक्टोबर, बुधवार. दसरा

सकाळी साडेआठला साडी नेसून तयार होते. ठरवलं होतं, जायचं, एक बल्ब घ्यायचा, मशीन पुढच्या वर्षी बघू म्हणायचं. चपला घातल्या आणि पाय निघेना. त्याच्या तोंडाकडे बघून हे बोलायचं? नऊ वाजले. सव्वानऊला त्याचा फोन. ह्यांना पुढे केलं. हे म्हणाले, "अरे, तिला ताप आहे." ठेवल्यावर मला म्हणाले, "माझ्याकडून खोटं बोलवून घेतलंस सणाच्या दिवशी." दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. बरोबर आहे त्यांचं.

संध्याकाळी जगन दारात उभा. आपट्याची पानं, सहा मोसंबी, तापाच्या गोळ्यांची पट्टी. मी धावत जाऊन शाल गुंडाळली. तो पाया पडला. पाया! मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"तुमचं मशीन बाजूला ठेवलंय, बाई. एकच पीस आलेला. सकाळी धाटावचे एक जण मागत होते, सांगितलं, ते बाईंचं हाय."

ह्यांनी विचारलं, "धंदा कसा झाला आज?"

"सकाळी दोन गिऱ्हाइकं बसलेली. म्हटलं, बाई येतील, मग बिल करू. दहापर्यंत बसली, मग गेली. मंग काय कोण फिरकला नाय." एवढं बोलून हसला. "होतं असं. तुम्ही आधी बऱ्या व्हा."

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. तो बसला होता तिथून पलंगपोसाचं टोक दिसत असेल. मी मध्येच खुर्ची घेऊन बसले, दार झाकून. सांग, सांग, असं मनात चाललं होतं. त्याने चहा प्यायला, कपबशी स्वतः मोरीशी नेऊन ठेवली, त्यानेच खाली घेतलेल्या नळाखाली. सिमेंट नीट सुकलंय म्हणाला. गेला.

मला माझीच लाज वाटते. ताप आला असता तर बरं झालं असतं.

६ ऑक्टोबर, गुरुवार

मोसंबी कुणीच खाल्ली नाहीत.

७ ऑक्टोबर, शुक्रवार

कंपनीचा मेसेज आला. उद्या सकाळी दहाला मशीन जोडायला माणूस येणार. खाली त्याचं नाव. जगन. आडनावही तेच, मोबाइल नंबरही तोच.

८ ऑक्टोबर, शनिवार

दहाला पाच कमी असताना बेल वाजली. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात पिशवी. माझं नाव, पत्ता त्यालाही आलेला असणार. दारात म्हणाला,

"ताप उतरला काय, बाई?"

टोमणा नव्हता. टोमणा असता तर सोसला असता.

मी म्हटलं, "जगन, अरे, मी—"

"आधी मशीन कुठं हाय ते दाखवा."

पलंगपोस काढला. त्याने नीट घडी घालून पलंगावर ठेवला. ह्यांनी एका बाजूला हात लावला, दोघांनी मशीन मोरीत नेलं. त्याने मोजलेल्या जागेत ते अचूक बसलं. सपाटी बघायची पाण्याची नळी वर ठेवून चारी पाय कमीजास्त केले. मागचे चार मोठे बोल्ट काढून माझ्या हातात दिले. "टाकू नका. कुठं हलवायचं झालं तर परत लावावे लागतात." पाणी सोडलं, एकदा रिकामंच फिरवलं. तेवढा वेळ मी आणि जगन मोरीच्या दारात उभे होतो. मग मी म्हटलं, "चुकलं माझं. पैशांकडे बघितलं."

तो ड्रमकडेच बघत होता. "चार हजार म्हंजे काय थोडे नाय, बाई. मीबी बघतो तिकडचे भाव. कंपनी मला देते, त्याच्यापेक्षा तिथं कमी हाय." मग नळी पिशवीत टाकत, "मला बोलला असता तर मीच मागवून दिलं असतं. बोहनीला एक बल्ब न्यायचा. झालं."

फळ्यापुढे उभं करून पाढे विचारायची ना मी ह्याला? आज त्याने विचारलं, "मोबाइलवर कोड आलाय, तेवढा सांगा. त्याशिवाय काम पुरं होत नाय." मी चार आकडे सांगितले. तिसरा चुकला. पुन्हा सांगितला.

चहा नको म्हणाला. पहिल्यांदाच.

९ ऑक्टोबर, रविवार

मेसेज — कालच्या तंत्रज्ञाच्या कामाला पाचपैकी किती तारे द्याल? पाच दिले. खाली लिहायला जागा होती. बराच वेळ बोट तसंच धरून बसले, मग रिकामी सोडली. खांदा आज दुखत नाही. चादरी जवळजवळ कोरड्याच निघतात.

२१ ऑक्टोबर, शुक्रवार

जगनचा फोन आला होता. दुकानातला सगळा माल काढून टाकलाय. दसऱ्याला रात्रीपर्यंत काही विकलं गेलं नाही, तेव्हाच, मशीन जोडायचं काम घे म्हणून कधीपासून मागे लागलेल्या कंपनीच्या माणसाला हो म्हणाला होता. आता लोकांनी मोबाइलवरून मागवलेली पार्सलं ठेवायची, आणि मशीन जोडून द्यायची. पाडव्याला नवा बोर्ड लागणार.

"त्या कामातला पहिला कॉल तुमचाच लागला, बाई. बोहनी शेवटी तुमच्याच हातची झाली. नारळ फोडायला तुम्हीच या."

हो म्हटलं.