तेलाचा काटा

४ फेब्रुवारी
बाबांची गाडी शेडमध्ये पोचली एकदाची! दोरानं ओढून न्यावी लागली. चव्वेचाळीस वर्षं एका जागी उभी होती, चाकांखालची फरशीसुद्धा खचली आहे. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, म्हणून म्हटलं आता तरी. आई खिडकीत बसून भाजी निवडत होती. मान वर केली नाही.

मिस्त्रींनी बॉनेटमध्ये डोकं घातलं ते बराच वेळ काढलंच नाही. मग म्हणाले, "होईल. घाई करू नका म्हणजे होईल."

२३ फेब्रुवारी
इंजिन खोललं, घासलं, जुळतंय म्हणे. आता मीटरचं त्रांगडं. तेलाचा दाब दाखवणारं जुनं मीटर पार गेलंय, नवीन घ्यायला हवं. मिस्त्री म्हणतात, होतं तसंच यांत्रिक बसवा. इंजिनातून तांब्याची बारीक नळी थेट डॅशबोर्डपर्यंत येते, तेलच येऊन काटा ढकलतं. "मध्ये दलाल नाही."

त्यांचा जावई त्याच शेडमध्ये वायरिंग करतो. त्याचं मत – इलेक्ट्रिक. सेन्सर इंजिनावर, आत फक्त वायर. "ताई, उकळतं तेल पायाशी कशाला खेळवायचं?"

"वायर खोटं बोलते," मिस्त्री मला म्हणाले.
"नळी फुटते," जावई मला म्हणाला.

दहा मिनिटं दोघं माझ्यामार्फत भांडले. एकमेकांकडे बघेनात. मी म्हटलं, विचार करून सांगते.

२४ फेब्रुवारी
दवाखान्यात आज रक्तदाबाच्या नव्या मशीननं एका धडधाकट बाईंना थेट अतिदक्षता विभागात पाठवण्याइतका आकडा दाखवला. कपाटातलं जुनं पाऱ्याचं काढून पुन्हा बघितलं. ठणठणीत! तीस वर्षं नर्सची नोकरी केली, हात अजून जुन्याकडेच जातो.

यांत्रिकच घ्यावं.

२६ फेब्रुवारी
झोपून उठल्यापासून बाबा डोळ्यांसमोर आहेत. मी सहा-सात वर्षांची. रविवारी सकाळी ते गाडी सुरू करायचे आणि नुसते बसून राहायचे. काटा शून्यावरून उठायचा, जरा थरथरायचा, मधोमध येऊन टेकायचा. "काय म्हणतोय?" ते विचारायचे. "उठला!" – मी. मगच गिअर. मीटरच्या काचेला आतून तेलाचा पिवळट डाग होता. त्या काचेवर ते नखानं टकटक करायचे, झोपलेल्याला उठवावं तसं.

मग एका रविवारी इंजिन जाम झालं. मी मागच्या सीटवर झोपले होते, मला काही आठवत नाही. नळी फुटली, तेल संपलं, बाबांचं लक्ष नव्हतं – इतकंच कायम ऐकत आले. आजोबा पाहुण्यांसमोर सांगायचे, "डोळ्यांसमोर काटा, पण आमच्या चिरंजीवांना दिसला नाही." बाबा हसायचे. पाहुणेही हसायचे. पुढे बाबा दर रविवारी ती बंद गाडी धुवायचे. गल्लीत त्याचीही चेष्टा व्हायची. मलाही लाज वाटायची – हे इथेच लिहिते, दुसरीकडे कुठे लिहिणार.

१ मार्च
आईला सहज म्हटलं, उद्या मीटर सांगायचंय. बाबांच्या वेळचंच घेते, नळीचं.

ती भांडी विसळत होती. नळ बंद केला. "ते नको."

"का गं?"

हात पुसून ती खुर्चीवर बसली आणि उजवं पाऊल पुढे केलं. घोट्याजवळचा तो पांढरा डाग. आम्हाला नेहमी सांगायची, अंघोळीचं पाणी सांडलं होतं.

"पाणी नव्हतं. तेल होतं. त्या दिवशी गाडी मी चालवत होते."

मी समोर टेकले. तीच सांगत गेली. बाबा तिला चोरून शिकवत होते – गोदामांमागच्या मोकळ्या रस्त्यावर, रविवारी सकाळी. सुनेनं गाडी चालवणं आजोबांना चालणार नव्हतं. दोन महिने मजेत गेले. त्या दिवशी नळी सुटली आणि तेल सरळ पावलावर. "मी घाबरून पाय आणखीनच दाबला. तुझे बाबा ओरडत होते, थांब, थांब. मला मागे तू झोपलेली तेवढीच दिसत होतीस. थांबेपर्यंत इंजिन गेलं होतं." घरी येताना बाबा म्हणाले, मी चालवत होतो, तू काही बोलायचं नाहीस.

"आणि तू बोलली नाहीस?"

"आजोबा गेल्यावर बोलणार होते. तोवर सवय झाली होती."

मग म्हणाली, "तुझे बाबा दरवर्षी विचारायचे. तू बसणार असशील तर दुरुस्त करतो. मी नको म्हणायचे. ते म्हणायचे, बरं, मग राहू दे."

मला वाटायचं, बाबा आळशी आहेत.

२ मार्च
इलेक्ट्रिक सांगितलं. जावई खूश. मिस्त्रींचा चेहरा पडला, म्हणून त्यांना आईच्या पायाचं सांगितलं. त्यांनी हातातला पान्हा खाली ठेवला. मग जावयाला म्हणाले, "वायर नीट बांध. लोंबती ठेवू नकोस." आठवडाभरात त्याच्याशी थेट बोललेलं पहिलं वाक्य असावं.

१९ मार्च
सुरू झाली! पण काटा शून्यावरच. मिस्त्रींनी दुसरं मीटर लावून बघितलं, दाब चोख होता. "सांगत नव्हतो?" अर्थिंगची वायर रंगावर बसवली होती, वीज पुढे जातच नव्हती. जावयानं तेवढा रंग खरवडला, आणि काटा उठला. थरथरला नाही. एकदम सरळ गेला आणि उभा राहिला. चांगलाच आहे. पण तो थरथरायचा ना, तेव्हा जिवंत वाटायचा.

२२ मार्च
गाडी घरी आणली. आई खाली आली, गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला चप्पल लावून बघितली. माझ्या शेजारची सीट रिकामी होती, तरी मागे जाऊन बसली. कोपऱ्यापर्यंत नेऊन आणली.

२ एप्रिल
आईच्या पर्समध्ये डोळे तपासल्याची चिठ्ठी सापडली. शिकाऊ परवान्यासाठी! वय त्र्याहत्तर. विचारलं तर म्हणाली, "पर्स का उघडलीस?"

११ एप्रिल
गोदामांमागचा रस्ता. मी शेजारी. क्लच सोडताना गाडी सात वेळा बंद पडली. आठव्यांदा निघाली. "बोलू नकोस," म्हणाली. मी बोलतच नव्हते.

२१ जून
पक्का परवाना आला, आणि आज आई गाडी घेऊन एकटी गेली. कुठे, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.