उरलेल्या चार पुड्या

९ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

अनेक आशीर्वाद. तुझ्या लेकीच्या फोनवरून खुशाली कळते. तू स्वतः बोलत नाहीस, त्यात तुझं काही चुकत नाही.

इकडे ठीक. काल आईचं कपाट आवरलं. चष्म्याच्या डबीमागे ड जीवनसत्त्वाच्या चार पुड्या निघाल्या. ऑक्टोबरात तिच्या रक्तात ते फार कमी निघालं होतं, नऊ. वीस तरी हवं. डॉक्टरांनी आठ पुड्या दिल्या, आठवड्याला एक, दुधातून. चार दिल्या. ती कुरकुरायची, "दुधात वाळू कालवतेस. तू मुलगी की कंपाउंडर, ते एकदा ठरव." त्यातच मी पेपरात वाचलं की सर्दी-खोकल्याच्या विषाणूंना हे जीवनसत्त्व रोखत नाही. बरं वाटलं, एक काम कमी झालं. पुड्या थांबवल्या. ते कात्रणही काल सापडलं. शेवटपर्यंत वाचलं. खाली लिहिलंय, ज्यांच्यात ते खूपच कमी आहे त्यांना कदाचित थोडा उपयोग होत असेल, नक्की नाही.

आज सकाळी डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, आठही दिल्या असत्या तरी आईला न्यूमोनिया झालाच असता, किंवा नसताही. "एका माणसाबद्दल असं सांगता येत नाही हो." मला दोन्हींपैकी एक उत्तर हवं होतं.

पण हे सगळं तुला का लिहितेय? बघ, अजून आडूनआडूनच बोलतेय.

आई गेली त्या दिवशी सगळ्यांसमोर मी काकांना म्हणाले, "हा खोकत आला आणि तिला बिलगला." तू मान खाली घातलीस. तेव्हापासून नातेवाईक तेच बोलतात आणि मी बोलू दिलं. तू आलास गुरुवारी. माझ्या डायरीत त्याआधीच्या मंगळवारी लिहिलंय: "आईला ताप. कोरडा खोकला." त्या आठवड्यात माझ्या ऑफिसात तिघं आजारी होते. बोलताना मला हे सगळं आठवत होतं. पुड्यांचं कुणी विचारेल अशी धास्ती होती. खरं तर त्या कुणाला ठाऊकही नव्हत्या.

दुपारी काकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "त्याला सांगितलंस का?"

डायरीचं पान सोबत आहे. प्रत नाही, मूळ पानच. माझ्याकडे राहिलं तर मी पुन्हा स्वतःची समजूत घालीन.

उत्तर दिलंच पाहिजेस असं नाही.

तुझ्यावर खोटा आळ घेणारी,
ताई