हेंड्रिकला मामा नाही

तीर्थस्वरूप विठ्ठलमामा,

तेलगावहून सटवाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत, गीतामामींचं बीपी कसं आहे आणि कड्याच्या चौकात माझ्या सत्काराचा फ्लेक्स अजून उभा आहे का, हे कळवावे. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. फोन न करता पत्र लिहितोय म्हणून रागावू नका. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही (ही तक्रार नाही, थोरांचं तसंच असतं), आणि जे सांगायचं आहे त्यात मध्येच कुणी "शाब्बास" म्हटलं तर पुढचं माझ्याच्याने सांगवणार नाही.

हॉलंडहून आल्या आल्या मी तुम्हाला बोलणी चांगली झाली असं सांगितलं होतं. ते खोटं नाही. बोलणी चांगलीच झाली. फक्त आपल्या सीताफळाचा गर तिकडचा व्यापारी हेंड्रिक घेणार नाही, एवढंच त्यात ठरलं. तेही त्याने ठरवलं नाही, मी ठरवलं. कसं, ते सविस्तर सांगतो.

आपल्या गराच्या कंपनीचे अध्यक्ष तुम्ही, पण तुमचे गुडघे विमानात दुमडणार नाहीत म्हणून तुम्ही मला पाठवलंत, आणि जाण्याआधी युरोपच्या रीतीभाती शिकायला बीडला हरिओम सरांकडे बसवलंत. सर स्पर्धा परीक्षांचे क्लास घेतात आणि स्वतः हैदराबादच्या पुढे गेलेले नाहीत, तरी त्यांनी मनापासून शिकवलं. वेळेच्या आधी पोचायचं, हात घट्ट मिळवायचा, पगार विचारायचा नाही, लग्न का केलं नाही हे तर मुळीच विचारायचं नाही. मी सगळं पाळलं. (हेंड्रिक साहेबाची चाळिशी उलटून गेली आहे आणि लग्न केलेलं नाही. प्रश्न दोन दिवस घशाशी होता, पण मी गिळला.) सरांनी शिकवलं नाही ते एवढंच, की तिकडे "नाही" म्हटल्यावर काय होतं.

रॉटरडॅमला त्याच्या ऑफिसात बसल्यावर त्याने कॉफी विचारली. मी रीतीप्रमाणे "नको, नको" म्हणालो. तो बरं म्हणाला आणि स्वतःपुरती घेऊन आला. मला वाटलं गडबडीत असेल. मग बिस्किटांचा डबा उघडून माझ्यापुढे धरला. मी पुन्हा "कशाला, कशाला" केलं, तर त्याने डब्याचं झाकण लावलं. मामा, ते झाकण लागल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. दुपारी भूक आहे का विचारलं, मी नाही म्हणालो, आणि तो माझ्यासमोर पाव आणि चीज खाऊन मोकळा झाला. तुम्ही एकदा विम्याच्या एजंटाला एसटीतून खाली उतरवून जेवायला घातलं होतं, त्याची आठवण येऊन मला भरून आलं. मी नेलेली शाल मात्र त्याने पहिल्या खेपेलाच घेतली. "कशाला एवढं" एकदाही म्हणाला नाही. खांद्यावर टाकून कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी त्याने मी नेलेला, गेल्या हंगामातला गोठवलेला गर चाखला. डोळे मिटून चाखला. एवढा गोड गर आणि एकसुद्धा बी नाही, हे हाताने कसं काढलं, असं विचारत राहिला. मग सरळ म्हणाला, पुढची तीन वर्षं तुमचा सगळा गर मी घेतो, देणार का? ज्यासाठी एवढ्या लांब आलो ते समोर ताटात वाढलेलं होतं. मी हसलो, हात आडवा केला आणि इंग्रजीत म्हणालो, "नाही नाही, एवढं कशाला." आणि दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत बसलो.

त्याने चमचा खाली ठेवला. त्याला वाईट वाटलं, हे मी देवाशपथ सांगतो. मग उठला, हात मिळवला आणि इतकं स्पष्ट उत्तर दिल्याबद्दल माझे आभार मानले. भारतातली माणसं स्पष्ट बोलत नाहीत असं त्याने कुठेतरी वाचलं होतं, ते माझ्यामुळे खोटं ठरलं, असंही म्हणाला. दारापर्यंत पोचवायला आला. मला वाटलं, आता विचारेल, आपल्याकडे खरं बोलणं दारातच होतं. दारात नाही विचारलं. मी चपला (म्हणजे बूट) घालायला उगाच वेळ लावला. तो लिफ्टपर्यंत आला, लिफ्टचं दार मिटेपर्यंत हात हलवत राहिला. खांद्यावर शाल होतीच.

मामा, यात माझी चूक काय ते सांगा. पहिल्या हाकेला हो म्हणतो तो उपाशी घरचा, हे तुम्हीच मला लहानपणी शिकवलं. मी आपल्या घराची अब्रू राखली. तीही अशा माणसापुढे, ज्याला ती राखल्याचं कळलंच नाही.

मला सगळ्यात जड गेलं ते छबुबाईला सांगणं. गर काढणाऱ्या सगळ्या बायका तिच्या शब्दावर चालतात. यंदा ऊसतोडीला जायचं नाही, गावात राहून गरच काढायचा, असं ठरवून त्यांनी मुकादमाची उचल परत पाठवली आहे. मुकादम तीन वेळा विचारायला आला, पण छबुबाईने पहिल्या वेळी नाही सांगितलं ते नाहीच होतं. तुम्हाला ठाऊकच आहे, ही बाई कुणाच्याही घरी पहिल्या विचारण्याला चहा घेते आणि सगळं तेलगाव तिला त्यावरून हसतं. तिने माझी हकिगत शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, "मंग मला धाडायचं व्हतं. मी हो म्हणून दुपारच्या जेवणाला मोकळी झाले असते." सीताफळांचे डोळे उघडायला लागलेत, महिन्याभरात तोडायला येतील, आणि बायका रोज येऊन घमेली घासून ठेवतात. ते बघवत नाही.

बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार. तुमच्या पायांशी जागा असू द्यावी.

आपला आज्ञाधारक,
सटवा

ता. क. एक विनंती आहे. प्रियदर्शनीला बघायला मला नेलं होतं तेव्हा पाहुण्यांनी मुलगी पसंत का विचारलं आणि मी "नाही नाही, इतक्यात काय घाई" म्हणालो होतो. तेव्हा तुम्ही बैठकीत मांडीवर थाप मारून म्हणालात, "त्याचं न्हाई म्हंजी हो हाय. सुपारी फोडा." हेंड्रिकला असा मामा नाही, तिथेच सगळं अडलं. तेवढं एक वाक्य तुमच्या सहीने त्याला कळवाल का? इंग्रजी हरिओम सर करून देतील.

ता. क. २. पत्र पाकिटात घालताना हेंड्रिकचा ईमेल आला. शुक्रवारपर्यंत विचार बदलत असेल तर सांगा, म्हणतो. म्हणजे दुसऱ्यांदा विचारलं! फार बरं वाटलं. दुसऱ्यांदाही लगेच हो म्हणणं बरं दिसेना, म्हणून नाही कळवलं आहे. तेव्हा तुमचं वाक्य शुक्रवारच्या आत जायला हवं.

ता. क. ३. वरचं सगळं आत्ता प्रियदर्शनीला वाचून दाखवलं. ती चहा गाळत होती. म्हणाली, "त्या दिशी मलाबी इचारलं व्हतं. मीबी न्हाईच म्हणलं व्हतं, अन् माझं न्हाई म्हंजी न्हाईच व्हतं. मामांनी त्याचंबी हो केलं." एवढं बोलून तिने कप माझ्यापुढे ठेवला. वीस वर्षांत हे पहिल्यांदा ऐकलं. मी तिला म्हटलं, तूही घे थोडा. ती नको म्हणाली. आता पुन्हा विचारावं की विचारू नये, ते उलट टपाली कळवावे. मी तसाच बसून आहे, चहा निवत चालला आहे.