चारशे राख्यांचा बंदोबस्त

मनवेलपाडा, विरार (पूर्व)
मंगळवार, दुपार (कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या आहेत)

तीर्थस्वरूप वन्संच्या पायांशी धाकट्या भावजयीचा, आशालताचा नमस्कार. दोन्ही गुडघ्यांना वेगवेगळा समजावा, कारण डावा दुखतो की उजवा हे मागच्या फोनवर नीट कळलं नाही.

इथे आम्ही सगळे ठीक. तुमचे बंधू ठणठणीत आहेत. वजन वाढलंय, पण ते कबूल करत नाहीत, वजनकाटाच बिघडला म्हणतात. भावोजींचं ब्लडप्रेशर कसं आहे? लोणचं बंद केलं, की फक्त तुमच्यासमोर बंद केलं? देवरुखला फणसांना कुयऱ्या लागल्या असतील. फोन असताना ही पत्र का लिहिते, असं तुम्ही म्हणाल. तर फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही (राग मानू नका, तुम्हीच म्हणता खरं बोलावं), आणि परवाच्या रविवारची हकिकत मध्ये कोणी न अडवता सांगण्यासारखी आहे.

आपल्या तेजस्वीला लहानपणापासून परग्रहांचं वेड. नोकरी कॉम्प्युटरची लागली तरी वेड काही उतरलं नाही. तिच्यासारखेच चाळीस-पन्नास वेडे मिळून दर वर्षी नायगावला एका मंगल कार्यालयात मेळा भरवतात. रोबो, अवकाशयानं, विज्ञानकथा यांवर दिवसभर तावातावाने चर्चा चालते, आणि माणसं कुठल्या कुठल्या ग्रहांवरचे पोशाख करून येतात. मागच्या वर्षी तीनशेवर माणसं आली, त्यात बायका नऊ. नवातल्या चार आयोजक, दोघी लग्न समजून आहेर घेऊन आलेल्या (जेवूनच गेल्या), आणि एक मी, तेजस्वीचा डबा द्यायला गेलेली. म्हणजे खऱ्या दोनच. त्यातली एक जेनिफर, नायगावचीच, बँकेत नोकरीला. पोशाख स्वतः शिवून आली होती बिचारी. कोणीतरी तिला न विचारता, मागून, नको तसे फोटो काढले आणि कुठल्याशा ग्रुपवर टाकले. ती मेळा अर्धा टाकून रडत घरी गेली. तेजस्वीने तेव्हाच सांगून टाकलं, पुढच्या वर्षी एक जरी मुलगी अशी रडत गेली, तर मी हा मेळा कायमचा बंद करीन. ती बोलते ते करते (तुमच्यावर गेली आहे). जेनिफरची समजूत काढण्यात तिचे चार महिने गेले. शेवटी ती म्हणाली, पंचवीस मैत्रिणींना घेऊन येते, पण जबाबदारी तुझी.

मग मेळ्याने महिला सुरक्षा समिती नेमली. सभासद धनेश, जितेंद्र आणि शत्रुघ्न. तिघेही सज्जन, तिघांना मिशा. पहिली बैठक तीन तास चालली. ठरलं असं, की बायकांची बसायची जागा दोरी बांधून वेगळी करावी आणि बायकांनी पाचच्या आत घरी जावं. शत्रुघ्नने पुढे जाऊन असंही सुचवलं, की मुलींनी पोशाखावरून शाल घ्यावी, शाल मेळ्यातर्फे. तेजस्वीने विचारलं, आणि फोटो काढणाऱ्यांनी काय घ्यावं? तो विषय पुढच्या बैठकीत घेऊ, म्हणाले. पुढची बैठक अजून व्हायची आहे.

तेव्हा मी मध्ये पडले. आमच्या महिला मंडळाने गेल्या श्रावणात उत्साहाच्या भरात राख्या केल्या होत्या, त्यातल्या चारशे माझ्या पलंगाखाली पडून होत्या. मला एकदम सुचलं. आत येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला दारातच राखी बांधायची! सगळे भाऊ झाले की प्रश्नच मिटला. मंडळाने टाळ्या वाजवल्या. सुरक्षा समितीच्या तर डोळ्यांत पाणी आलं. तेजस्वीने तेवढा कपाळाला हात लावला. म्हणाली, आई, भाऊबिऊ कोणी व्हायला नको, फोटो काढण्याआधी विचारा आणि न विचारणाऱ्याला बाहेर काढा, एवढा एक नियम पुरे. मी म्हटलं, तुझा नियम भिंतीवर लाव, माझ्या राख्या मनगटावर लावते, दोन्ही असू देत.

रविवारी सकाळी नऊ वाजता मंडळातल्या आम्ही अकराजणी दारात उभ्या. निरांजन, कुंकू, तांदूळ, राख्यांच्या पिशव्या. वन्सं, पहिल्या दहा मिनिटांतच लक्षात आलं की आपण फार पुढचा विचार केलेला नाही. पहिलंच जोडपं आलं ते साखरपुडा झालेलं. स्वप्नावहिनींनी सरळ मुलीच्या हातात राखी दिली आणि बांध म्हणाल्या. एक मुलगा एका मुलीला मनातलं सांगायला वसईहून नवा शर्ट घालून आला होता (हे त्याने नंतर सांगितलं). नेमकी तीच आमच्या मदतीला उभी होती, तिच्याच हातून त्याला राखी बांधली गेली. तो दिवसभर मंगळाच्या नकाशासमोर खुर्ची टाकून बसला होता. चार हातांचा एक प्राणी आला, तर राखी कुठल्या हाताला यावर आमच्यात मतभेद. शेवटी चारही हातांना बांधल्या, तो खूश झाला. एकाचे दोन्ही हात पत्र्याच्या नळ्यांत होते, त्याच्या शेपटीला बांधली. रांग पार रस्त्यापर्यंत गेली, रिक्षावाले थांबून कुणाचं लग्न म्हणून विचारू लागले. त्या धांदलीत मी हिरव्या मुखवट्याच्या एका पोट सुटलेल्या परग्रहवाशाला ओवाळलं, राखी बांधली, आणि भाऊराया, बहिणींना सांभाळ, असंही म्हटलं. त्याने मुखवटा वर केला तर तुमचे बंधू! तीस वर्षांचा संसार, वन्सं. तेव्हापासून घरात चहा मागताना मला ताई म्हणतात.

साडेदहाला जेनिफर आली. सोबत पंचवीसच्या पंचवीस मुली, आणि राखणीला तिची इझाबेल मावशी, जाड सोन्याची साखळी आणि त्याहून जाड आवाज. जेनिफर पाण्याच्या ग्रहावरची सेनापती झाली होती. अंगभर खवले, चॉकलेटचे चंदेरी कागद जपून ठेवून एकेक शिवलेले, तीन महिने लागले म्हणे. काय सुंदर दिसत होती पोर! मी विचारलं, हात लावून बघू का? ती हसली, म्हणाली, काकी, विचारलंत त्या पहिल्याच तुम्ही.

अकरापर्यंत राख्या संपल्या (आता चारशे भाऊ भाऊबीजेला आले तर करंज्या कोण तळणार, हा विचार मी मुद्दाम करत नाही). आम्ही जिन्याच्या खालच्या पायऱ्यांवर टेकलो. हात रिकामे बसवत नाहीत, म्हणून मी वालाच्या शेंगा नेल्याच होत्या. अकराजणी सोलायला बसलो. सभागृहात सगळे एका यंत्रमानवाचं कौतुक करत होते. वॉशिंग मशीनचं खोकं चंदेरी रंगवलेलं, डोक्यावर टोपलं, एका हाताला आमची राखी. सुरक्षा समितीने त्याच्याबरोबर सेल्फीसुद्धा काढला. पण समिती उभी होती आणि आम्ही खाली बसलेल्या. आमच्या डोळ्यांसमोर खोक्याचा खालचा भाग. तिथे, गुडघ्याच्या उंचीला, एक वाटोळं भोक होतं आणि भोकात मोबाईलचा कॅमेरा. पिंकीने (आमच्यातली सगळ्यांत धाकटी, बालवाडी चालवते, तिच्या नजरेतून काही सुटत नाही) मला कोपराने ढोसलं. आम्ही शेंगा सोलत राहिलो आणि बघत राहिलो. यंत्रमानव एकाही यंत्राकडे जाईना. मुलगी दिसली की तिच्या मागे जायचा, आणि मागे गेला की तिरका व्हायचा. जेनिफरच्या मागे तो तिसऱ्यांदा तिरका झाला आणि माझं डोकं फिरलं.

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, स्वप्नावहिनी सांगतात की मी नुसतंच "खोका! खोका!" असं ओरडत होते. खोका पळाला. आमच्या शेंगांच्या सालांवरून घसरला, उठला, बाजूच्या दाराकडे धावला आणि दारात अडकला. खोकं रुंद, दार अरुंद, ना आत ना बाहेर. इझाबेल मावशींनी मागून खोकं धरलं. "कोन हाय रं आत? थांब, तुला आता पानीच पाजते," असं म्हणून त्यांनी असा हिसका दिला की खोक्याबरोबर दाराची चौकटही येते की काय असं वाटलं. तेवढ्यात धनेश तक्रारीचा छापील अर्ज घेऊन धावत आला. अर्जात पहिला रकाना तक्रारदाराच्या वडिलांच्या नावाचा. इझाबेल मावशींनी तो अर्ज त्याच्याच खिशात परत घातला.

टोपलं उचलून मी आत डोकावले. ओळखीचं कोणी नव्हतं. असाच कुठला तरी मुलगा, घामाघूम, रडकुंडीला आलेला. मी टोपलं परत ठेवलं, त्याच्याकडून मोबाईल घेतला, तेजस्वी आणि जेनिफरने त्यातले फोटो पुसले, आणि मी स्वतः त्याला खोक्यासकट स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर घालवला. सगळ्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. जेनिफर घरी गेली नाही, वन्सं! संध्याकाळपर्यंत थांबली आणि पोशाखाच्या स्पर्धेत पहिली आली. सुरक्षा समिती जागच्या जागी बरखास्त झाली, नवी समिती म्हणजे आम्ही अकराजणी, अध्यक्ष मी. मला पुठ्ठ्याची एक ढालही मिळाली, ती सध्या फ्रिजवर आहे. तुमचे बंधू येताजाता तिला नमस्कार करतात.

असो, कुकर गार झाला. भावोजींना नमस्कार, गुडघ्यांना तेल लावत जा, आणि लिहिण्यात कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या.

तुमची,
आशालता

ता. क. : कोकमाचं आगळ संपलं आहे. पण पत्र त्यासाठी नाही.

ता. क. दुसरा : वर एक खोटं लिहिलं आहे. एवढी पानं खिदळत लिहिली ती इथवर यायचा धीर होत नव्हता म्हणून. खोक्यात आपला विघ्नेश होता. तुमचा एकुलता एक, नोकरीसाठी दिवाळीपासून आमच्याकडे राहतो आहे तोच. सकाळी माझ्या हातचे पोहे खाऊन, मित्राकडे जातो म्हणून निघाला होता. त्याचं तोंड दिसल्यावर मी काय केलं? टोपलं परत ठेवलं. चारशे परक्या पोरांना दारात दटावणारी मी, घरचं पोर निघालं तर झाकून टाकलं. मला वाटलं कोणाला कळलं नाही. पण मोबाईल उघडला तर पडद्यावर तुमचा फोटो, जांभळ्या पैठणीतला. तेजस्वीनेही तो पाहिला. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "आई, टोपलं परत का ठेवलंस?" वन्सं, फार लाज वाटली, अजून वाटते. काल तिने जेनिफरला खरं काय ते सांगितलं. विघ्नेश दोन दिवस खोलीत बसून आहे. दोन्ही वेळा जेवतो (तुम्हाला काळजी वाटेल म्हणून लिहिते, आणि मला त्याचाही राग येतो म्हणून). चूक झाली म्हणतो. काय चूक झाली ते सांग म्हटलं की परत तेवढंच म्हणतो.

ता. क. तिसरा : आज सकाळी जेनिफरचा फोन आला. तिला माफीची चिठ्ठी नको, मिठाईचा पुडा नको. पुढल्या रविवारी त्याने तिच्या घरी यायचं, आणि आपण काय केलं ते तिच्यासमोर आणि स्वतःच्या आईसमोर, स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मुलींना पुढच्या वर्षी आणायचं की नाही ते ती त्यानंतर ठरवणार, म्हणजे मेळा राहणार की जाणार तेही (मुली नाहीत तर मेळाही नाही, असं तेजस्वीचं म्हणणं आहे). त्याची आई येईल का, असं तिने मला विचारलं. मी हो म्हणून बसले आहे. तुम्हाला न विचारता.