मराकेशच्या चौकात धरलेला हात

आये, तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली. मधल्या काळात तुझ्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले, पण बसून लिहावं असं आत्ताच वाटलं. मागच्या महिन्यात कंपनीने मला मोरोक्कोला पाठवलं होतं. आफ्रिकेच्या वरच्या टोकाला आहे तो देश. आमच्याकडे लागणारं एक ॲसिड तिथून येतं, आणि त्याच्या तपासणीवरून त्यांच्या लॅबचं आणि आमचं जमत नव्हतं, म्हणून मला आठ दिवस तिथे जाऊन बसायचं होतं. मधल्या रविवारी सुट्टी मिळाली तेव्हा एकटीच ट्रेनने मराकेशला गेले. तिथला मोठा चौक बघितल्याशिवाय परत जाऊ नका, असं हॉटेलात ज्याने त्याने सांगितलं होतं.

आपल्या रोह्याच्या बाजारातली सगळी दुकानं उचलून बाजूला ठेवली आणि नुसती माणसं मोकळ्या मैदानात सोडली, तर जसं दिसेल तसा तो चौक. दुपारचे चार वाजलेत. संत्र्याच्या रसाच्या गाड्या ओळीने उभ्या आहेत, गाडीवाले हाका मारताहेत. सतरंजीवर फणा काढलेला नाग, पुंगी, भोवती गोल करून उभे लोक. बरं वाटत होतं मला. ओळखीचं कोणी नाही, कोणाला उत्तर द्यायचं नाही. एका छत्रीखाली छोट्या स्टुलावर एक बाई बसली होती, तू गेलीस तेव्हा होतीस साधारण त्याच वयाची. डोक्याला रुमाल, मांडीवर मेंदीच्या नक्षीचा अल्बम. मी बघतेय म्हणून हसली, काहीतरी बोलली आणि उठून तिने माझा हात धरला. मनगट नाही, चारी बोटं एकत्र, दाबून. बांगडी भरताना तू बायकांची धरायचीस तशी.

मी हात हिसकला. फार जोरात हिसकला. तोंडातून 'सोड' निघालं, मराठीतच. तिचा तोल गेला, स्टूल लवंडलं, अल्बम रसाच्या गाडीखालच्या चिखलात पडला. लोक थांबले. तेवढ्यात साध्या कपड्यातला एक पोलीस आला, हातात वॉकीटॉकी. त्याने मला इंग्रजीत विचारलं, "मॅडम, हिने तुम्हाला त्रास दिला का?" ती बाई माझ्याकडे बघत होती. तिला त्याचं बोलणं कळलं असावं, कारण अल्बमकडे नेलेला हात तिने मागे घेतला. मी मान हलवली. हो म्हणून. त्याने स्टूल उचललं, चिखलातला अल्बम झटकून काखेत मारला आणि तिला पुढे घालून घेऊन गेला. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील.

मला त्या जागेवरून हलता येईना. मी नववीत असताना तुझ्याबरोबर श्रावणात यायचे ते आठवत होतं. कोलाडकडच्या वाड्यांवर एस.टी.ने जायचो, तुझ्या खांद्यावर बांगड्यांची माळ. बायका ओटीवर बसून आपणहून हात पुढे करायच्या. पण रोह्यात नव्या राहायला आलेल्या त्या बाई आठवतात? तू बोटं दाबलीस तशी म्हणाल्या, "हात असा नका धरू हो, किळस येते मला." तू हसलीस. "धरल्याबिगर बांगडी जायची कशी बाय?" आणि भरत राहिलीस, एकही पिचू न देता. वाटेत मी म्हटलं, "लोकांच्या हाताला काय झोंबतेस अशी? मला लाज वाटते तुझी." कुंडलिका नदीच्या पुलापर्यंत तू खांद्यावरची माळ सावरत चालत राहिलीस. मग म्हणालीस, "उद्यापासून तू नको येऊ गो. तू अभ्यास कर." रागावली असतीस तर बरं झालं असतं. पुढे मी लॅबमध्ये लागले त्या दिवशी तू हिरव्या बांगड्या काढून माझी बोटं धरलीस, तर मी हात मागे घेतला. लॅबमध्ये चालत नाहीत म्हटलं. "मग रविवारी तरी घाल." "नाय गो आये." लॅबमध्ये खरंच चालत नाहीत. रविवारी लॅब बंद असते.

त्या बाईला शोधायला मला तासभर लागला. चौकाच्या कडेला, भिंतीशी ती उभी होती, स्टुलाशिवाय. बरोबर एक तरुण बाई होती, तिला थोडं इंग्रजी येत होतं. मी चुकले म्हटलं, हात पुढे केला, मेंदी काढा म्हटलं. म्हातारी माझ्या हाताकडे बघत राहिली आणि काहीतरी पुटपुटली. तरुण बाईने सांगितलं, "ती म्हणते, तुमच्या हाताला हात लावायचा नाही." मी म्हटलं, त्या माणसाला भेटून खरं सांगते. तरुण बाई म्हणाली, "त्याने विचारलं तेव्हा सांगायचं होतंत."

तरी मी त्याला गाठलं. तिची काही चूक नव्हती, मीच घाबरले, तिचं सामान द्या, असं तीन वेळा सांगितलं. तो अदबीने ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, तुम्ही काळजी करू नका. ती आता तुमच्या जवळ येणार नाही." गाडीची वेळ झाली होती. मी निघून आले. सामान तिला मिळालं की नाही, मला माहीत नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, कपाटातच राहील. तुला वाचता येत नव्हतं, आये. आज असतीस तर मलाच ते तुझ्यापुढे बसून वाचावं लागलं असतं, आणि मी मान हलवली ती ओळ मी गाळली असती.