गुलशनचा कोरा पेपर

हिवरटाकळी, ता. फुलंब्री
दि. २२ ऑगस्ट २०२५, पोळा

गुलशनला सत्यभामेचा रामराम आणि सलाम. दोन्ही ठेवून घे. एक जास्तीचा झाला तर मुख्तारला दे.

इकडं समदं ठीक हाय. तुझ्या कोंबड्या ठीक हायेत. अंडी माझ्या अंगणात घालतात आणि ओरडतात तुझ्यासारख्या. आज पोळा. आमच्याकडं आता बैल नाय, म्हणून माझ्या लेकानं, केशवनं सकाळी ट्रॅक्टरलाच झूल घातली. पुरण शिजतंय, तुला वास येत असंल तर बघ. माझ्या डाव्या डोळ्याला आता लख्ख दिसतं. भिंतीला किती पोपडे आलेत ते आत्ता कळलं, आणि आरशात बघितलं तर माझ्या तोंडालाबी.

फोन तू उचलत नायस. कधीबी लावा, मुख्तारकडून एकच, “अम्मी सो रही.” सकाळी सो रही, दुपारी सो रही. वाळूजला लेकाकडं गेल्यावर माणसाला इतकी झोप लागती व्हय? म्हणून हा कागद. सांगते मी, लिहिते माझी सून सुलेखा. तिकडं वाचंल तुझी सून यास्मिन. यास्मिन, बाई, मोठ्यानं वाच. सासू उठून चालली तर हात धर तिचा.

सुलेखाचं नाव ऐकून तू तोंड फिरवलं असशील. फिरव. कान तर दोन्हीकडं हायेत.

यास्मिनला तू पुरतं सांगितलं नसशील, म्हणून मीच सांगते. होळीच्या सुमाराला शाळेत आम्हा म्हाताऱ्यांची परीक्षा ठेवली होती. सारं गाव लिहितं-वाचतं झालं असं वर कळवायचं होतं. त्याआधी वर्ग व्हायचे होते, ते काय झाले नायत. परीक्षा मात्र वेळेवर झाली. सुना, लेकी, मास्तर, ज्याला फुरसत त्यानं म्हाताऱ्यांचे पेपर लिहिले. तुझ्या सासूनं कुणाला हात लावू दिला नाय. म्हणाली, “मेरे कू लिखना नै आता, तो नै आता. झूठ कायकू लिखूं?” कोरा पेपर टेबलावर ठेवला आणि घरी आली.

निकाल लागला. सारं गाव पास, एकटी गुलशन नापास. मग गिरणीत दळण टाकायला गेली तरी हसू, नळावर गेली तरी हसू. गावाला बट्टा लावला म्हणे. पोरं ‘नापास चाची’ म्हणाया लागली. आणि गुलशन, तू चार दिवस लेकाकडं जाते म्हणालीस. कुलपाला गंज आला की गं.

आणि माझी गंमत ऐक. परीक्षेच्या दिवशी मी शहरातल्या दवाखान्यात डोळ्याला पट्टी बांधून पडले होते. तरी पास! डोळे बांधून परीक्षा पास झालेली माझ्याशिवाय दुसरी बाई दाखव. घरी आले तर सुलेखानं प्रमाणपत्र हातात दिलं. मी तिच्याकडं बघितलं, तिनं चुलीकडं बघितलं. ती शाळेच्या समितीची अध्यक्ष, पालकांनी हात वर करून निवडून दिलेली, तेव्हा साऱ्या कागदावर सही तिचीच. त्या गोष्टीवर आम्ही सासू-सुना बोललो नाय. भाजीत मीठ कमी पडलं त्यावरच भांडलो, लई दिवस.

आता पंधरा ऑगस्टचं सांगते. झेंडा फडकला, पोरांची गाणी झाली. गाव साक्षर झालं म्हणून शाळेच्या भिंतीला मोठा बोर्ड लावलेला, वरून कापड. तालुक्याचे साहेब आले होते. त्यांनी कापड ओढलं, टाळ्या झाल्या. तिथंच थांबायचं ना! पण साहेबांना हौस आली. “एखाद्या आजींना बोलवा, त्याच वाचून दाखवतील,” म्हणाले. हेडमास्तरच्या तोंडाचा रंग असा उडाला की मला वाटलं माझा डोळा परत गेला. हा त्याच्याकडं बघतो, तो तिच्याकडं. शेवटी सारे माझ्याकडं. अध्यक्षाची सासू ना मी!

गेले पुढं. अक्षरं निळी, मोठी, एकेक स्वच्छ दिसत होतं. मुंग्यांची रांगबी स्वच्छ दिसती, पण ती कुठं चालली ते मुंग्यांनाच ठाऊक. ‘साहेब, चष्मा घरी राहिला’ असं म्हणायला मी तोंड उघडलं.

तेवढ्यात माईक खरखरला.

इथं सुलेखाचा हात थांबलाय. लिही गं. तुझी बदनामी नाय करत, आणि कौतुक तर मुळीच नाय.

हेडमास्तरनं लिहून दिलेलं भाषण तिच्या हातात होतं. तिनं त्याची घडी घातली. “आत्याबाई, तुम्ही बसा,” म्हणाली. “साहेब, ह्यांना वाचता येत नाही. परीक्षेच्या दिवशी त्या गावातच नव्हत्या. त्यांचा पेपर मी लिहिला, सही मी केली. वर्ग झालेच नाहीत. सगळ्या गावात खरी परीक्षा एकट्या गुलशनचाचीनं दिली. तिलाच आम्ही हसलो, हसून गावातून घालवलं. आणि साहेब, पाचवीतल्या निम्म्या पोरांनासुद्धा हा बोर्ड वाचता यायचा नाही. उतरवा तो.”

 

मग समितीतला फकिरा उठला. मला वाटलं आता हा हिला खाली बसवतो. तो म्हणाला, “माझ्या मायचा पेपर मी लिहिला. मलाच गणितं येईनात. माय नापास होता होता वाचली बिचारी.” कुणीतरी फसकन हसलं. मग धीर आला आणि पंगतीत वाढप सुरू व्हावं तसं एकेक जण सांगाया लागलं, मी सासूचा लिहिला, मी आज्याचा लिहिला. हेडमास्तर खुर्चीत बसला, तांब्याभर पाणी प्याला आणि म्हणाला, “बरं झालं.” दुसरं काय नाय, एवढंच.

साहेब आपल्या बुटांकडं बघत म्हणाले, “असं दुसऱ्या गावात कुणी बोललं नाही, म्हणून मला झोप लागत होती.” संध्याकाळपर्यंत बोर्ड खाली आला.

आता चौकशी होणार म्हणे. सुलेखाची खुर्ची राहती का जाती, कोण जाणे. पालक म्हणतात, गेली तर परत हिलाच निवडू. मी विचारलं, भ्या वाटतं का गं? तर म्हणते, “आत्याबाई, होळीपासून पहिल्यांदा पोटभर जेवले.” मलाबी त्या दिवशी भाजीत मीठ बरोबर लागलं. कमीच होतं.

तिला वाळूजला येऊन तुझे पाय धरायचेत. मी म्हणलं, भर गावात चुकलीस ते भर गावात बोललीस, आता तिच्या दारात रडून तिचा बुरखा भिजवू नको. पण ती ऐकायची नाय. आली तर चहा दे. साखर कमी टाकून सूड घेतलास तरी चालंल.

दुपारी शाळा सुटली की आता आमचा वर्ग भरतो, खरा. मास्तरनं पाटी दिली. मी सांगितलं, गुलशन येईस्तोवर मी एक अक्षर गिरवत नाय. मी पुढं गेले तर ती जळंल, ती पुढं गेली तर मी. माझ्या शेजारची जागा पिशवी ठेवून अडवलीय. वर्गातली सुशीला रोज म्हणते, पिशवी काढ. मी म्हणते, पिशवी शिकायला आलीय.

तू नाय म्हणून माझं काय अडत नाय, हे यास्मिन, नीट वाच. फक्त दुपारचा चहा हातून दोघींचा पडतो, आणि उरलेला मी कोंबड्यांच्या वाटीत ओतते. त्यांना सवय लागली तर दोष तुझा.

 यास्मिनकडून उत्तर लिहून घेऊ नको. यायचं असंल तर एक कागद घे आणि कोराच पाकिटात घालून पाठव. साऱ्या तालुक्याला जो वाचता आला नाय, तो तुझा कोरा पेपर मला वाचता येतो.

तुझी जागा अडवून बसलेली,
सत्यभामा

(सही नाय. अंगठा हाय, आणि ह्या खेपेला माझा मीच लावलाय.)