नाकाला बुरशी लागली त्याची हकीकत

ती. दादा,

तुझ्या पायांवर डोकं ठेवलंय असं समज. (खरोखर ठेवलं तर नाक निसटून पडेल, म्हणून लांबूनच.) तुझा रक्तदाब आणि वहिनींचे गुडघे ताळ्यावर असतील अशी आशा करतो. माझं तू विचारणार नाहीस, म्हणून आपणहून सांगतो.

ऑपरेशनमध्ये नाक गेलं आणि सिलिकॉनचं बसवलं, हे तुला कळवलं होतं. (उत्तर आलं नाही. पत्ता बदलला असेल.) गेल्या महिन्यात घरात कुजका वास सुटला. मला तो येत नव्हता (येणार कशाने?). हिने मोरी घासली, कपाटं सरकवली, प्लंबरकडून पाइप उघडून घेतला, पण मेलेला उंदीर काही सापडेना. मग हिच्या लक्षात आलं की मी ऑफिसला गेलो की वासही जातो. तिकडे शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी हवा हवी म्हणून खिडकीजवळ बस्तान हलवलं होतं. टेबल उचलायला मीच हात लावला होता.

नाक काढून उजेडात धरलं तर आतून काळे ठिपके. लाजेने कुणाला न सांगता मी ते कपड्यांच्या ब्लीचमध्ये बुडवलं. ठिपके राहिले, रंग गेला. शेवटी ते पांढरंफटक नाक अक्षरशः मुठीत धरून, हिच्यासोबत ते बनवणाऱ्या बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, घाम, नाक चिकटवायचा डिंक आणि ऊब मिळाली की बुरशी संसार थाटते. रोज झोपताना नाक काढायचं, डिंक पुसायचा, मऊ ब्रशने साध्या साबणाने धुऊन, कोरडं करून डबीत ठेवायचं. खालची कातडीही धुवायची. मग त्यांनी विचारलं, "रात्री काढत नव्हतात?"

दादा, आठ महिने मी ते चिकटवूनच झोपत होतो. सुटलं की जुन्या डिंकावर नवा थर. हिला तो खड्डा दिसू नये म्हणून.

ही शेजारीच बसली होती. हळूच म्हणाली, "ऑपरेशननंतर तुमची पट्टी कोण बदलत होतं?"

मी गुंगीत होतो. मला वाटलं, नर्स.

असो. ते नाक बाद झालं. नवं येईपर्यंत फडकं बांधून फिरतो. आणखी काय लिहू?

तुझा,
सध्या बिननाकाचा धाकटा

ता.क. पहिलं नाक अंदाजाने घडवलं होतं. नव्याला नीट साचा हवा, आणि माझ्या जुन्या फोटोंत नाक कुठे धड दिसत नाही. बाई म्हणाल्या, सख्ख्या भावाचं चालेल. प्लास्टर थापून थोडा वेळ तोंडाने श्वास घेत गप्प बसायचं. (गप्प बसणं तुला जड जाईल, याची त्यांना कल्पना दिली आहे.)

ता.क. २. सहा वर्षांपूर्वी भांडणात तू म्हणाला होतास, पुन्हा तुझं तोंड बघणार नाही. ते तोंड आता तसंही राहिलेलं नाही. तेव्हा यायला हरकत नसावी.